जुनी मोटरसायकल घरीच उभी करायचीय? पान्हा हातात घेण्याआधी आरसी हातात घ्या

रीलमध्ये हे फार सोपं दिसतं. गावाकडच्या पत्र्याच्या शेडखाली कित्येक वर्षं उभी असलेली आरएक्स १००. टाकीवर धुळीचा थर, सीटमधून बाहेर आलेला स्पंज, चाकाभोवती गवत. मग म्युझिक वाढतं, चार-दोन कट पडतात आणि ६० व्या सेकंदाला तीच गाडी चकाकत पहिल्या किकला सुरू होते. खाली कमेंट ठरलेली, ‘भावा, खर्च किती आला?’

त्याचं उत्तर सहसा येत नाही. आलं तरी त्यात दोन गोष्टी नसतात. एक म्हणजे आरटीओत काय झालं आणि दुसरी म्हणजे त्या ६० सेकंदांमागे किती महिने गेले.

महाराष्ट्रात आज अशा गाड्या घरोघरी आहेत. १९८५ हे वर्ष त्यासाठी महत्त्वाचं. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि वर्ष संपता संपता एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून यामाहा आरएक्स १०० आली. एक फोर स्ट्रोक, कमी पेट्रोलवर पळणारी, शिक्षकाची आणि एलआयसी एजंटची गाडी. दुसरी टू स्ट्रोक, वजनाला हलकी, ९८ सीसीत ११ पीएस ताकद काढणारी आणि कॉलेजच्या पोरांची. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. सीडी १०० च्या कुळातली स्प्लेंडर १९९४ मध्ये आली आणि आजही विकली जाते. वडिलांची किंवा आजोबांची म्हणून जी गाडी परसात उभी असते, ती बहुतेक यातलीच एखादी असते.

ती पुन्हा रस्त्यावर आणता येते, घरी आणता येते आणि कमी पैशांतही आणता येते. अट एकच, पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे हे आधी ठरलेलं हवं. कमी बजेटमधल्या गाड्या अर्ध्यात अडकतात त्याचं नेहमीचं कारण म्हणजे पहिला हप्ता टाकीच्या रंगाला, दुसरा सायलेन्सरला आणि इंजिनाची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा.

पहिला खर्च कागदाचा

खासगी मोटरसायकलची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ही फी आधी ३०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती १,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने नियम पुन्हा बदलले आणि २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलसाठी ती २,००० रुपये केली. म्हणजे १९९० च्या दशकातली कोणतीही गाडी आता २,००० च्या रांगेत बसते.

त्यावर १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेट. महाराष्ट्रात दुचाकीसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. मग थर्ड पार्टी विमा. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला जून २०२२ पासूनच्या दराने वर्षाला ७१४ रुपये, अधिक जीएसटी. ही बेरीज साधारण ३,४०० च्या घरात जाते. पर्यावरण कर, पीयूसी आणि नव्या आरसीचे पैसे यात धरलेले नाहीत.

आणि इथेच घोडं पेंड खातं. नूतनीकरणाला उशीर झाला तर मोटरसायकलसाठी दर महिन्याला ३०० रुपये जादा शुल्काची तरतूद नियमात आहे. वर्षाचे झाले ३,६००. गाडी तीन-चार वर्षं नुसती उभी असेल तर हा आकडा पिस्टनच्या खर्चाला सहज मागे टाकतो. म्हणून गाडी घरची असो किंवा विकत घ्यायची असो, थकबाकी नेमकी किती निघते हे आरटीओच्या पोर्टलवर किंवा खिडकीवर आधी काढून घ्यायचं. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे. कधी कधी तिथे काहीच दिसत नाही. विशेषतः ‘एमएच’ मालिका येण्याआधीच्या, तीन अक्षरांच्या नंबरच्या गाड्यांचं असं होतं. त्यांची नोंद जुन्या रजिस्टरमध्ये असते, पण संगणकावर चढलेली नसते. मूळ आरसी हातात असेल तर बॅकलॉग एंट्री करून घेता येते. आरसीच हरवली असेल तर आधी फॉर्म २६, डुप्लिकेटसाठी. नोंदणी रद्द झालेली, म्हणजे कागदोपत्री भंगारात गेलेली गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. ती घरात शोभेला ठेवता येईल, रस्त्यावर नाही.

घरच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते, जी कोणी बोलत नाही. ती आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा आता नसतात. मालकाचं निधन झालं की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवणं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घेणं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षं राहून जातं. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. काका, आत्या, चुलत भाऊ यांच्या सह्या गाडीवर खर्च करण्याआधी घेतलेल्या बऱ्या. गाडी चकाचक झाल्यावर ‘ती तर आमचीही होती’ असं आठवणारे नातेवाईक निघतात.

नंबर जपा

आरसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतात. नूतनीकरणाच्या वेळी इन्स्पेक्टर ते गाडीवर जुळवून बघतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी यात दोन चुका नेहमी होतात.

पहिली चूक पावडर कोटिंगवाल्याकडे होते. फ्रेम सँडब्लास्ट करून त्यावर जाड थर दिला की कोरलेला चेसिस नंबर बुजतो. काहींच्या बाबतीत गंज काढताना ग्राइंडरच फिरतो. नंबरच्या जागेवर आधी टेप लावायची, तिथला गंज हाताने, बारीक पॉलिश पेपरने काढायचा आणि कोटिंगवाल्याला तसं स्पष्ट सांगायचं. फ्रेम देण्याआधी नंबरचा फोटो आणि पेन्सिलने घेतलेला ठसा जवळ ठेवायचा.

दुसरी चूक भंगार बाजारात होते. इंजिनाचं केसिंग फुटलेलं असतं आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याला ‘अख्खं इंजिन’ स्वस्तात मिळतं. पण त्या केसिंगवर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा नंबर असतो. ती गाडी चोरीची नसेलच याची खात्री कोण देणार? बिल नसेल तर केसिंग घेऊ नये. हेड, सिलिंडर, गिअर, क्लच प्लेट यांवर नोंदणीचा नंबर नसतो, ते जुने घ्यायला हरकत नाही.

आता इंजिन. पण खोलायचं नाही, तपासायचं

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला पहिल्या दिवशी किक मारायची नसते. सिलिंडरच्या आत पिस्टन रिंग गंजून चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअरवर ओरखडा पाडतो. चार दिवसांच्या धीराने वाचणारं सिलिंडर लेथवर जातं.

त्यापेक्षा स्पार्क प्लग काढायचा, भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडायचं आणि दोन दिवस गाडीकडे बघायचंही नाही. मग गाडी सेंटर स्टँडवर घेऊन, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने अलगद पुढे-मागे हलवायचं. पिस्टन सुटला तर ते लगेच जाणवतं. नाही सुटला तर पुन्हा दोन दिवस.

सुटल्यावर तीन गोष्टी बघायच्या. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून कोणाला तरी किक मारायला सांगायचं. अंगठा जोरात बाहेर ढकलला गेला तर कॉम्प्रेशन निदान आशा ठेवण्याइतकं आहे. मग प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. निळी, टणक ठिणगी हवी. (आसपास पेट्रोल उघडं ठेवून आणि प्लगच्या भोकाजवळ हे करायचं नाही. तिथून उडणारी वाफ पेट घेऊ शकते.) तिसरी गोष्ट इंधनाची.

जुनं पेट्रोल वाळून कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखं बसलेलं असतं. टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर उतरवायचा, मेन जेट आणि पायलट जेट काढून कार्ब क्लीनरने धुवायचे आणि हवेने फुंकायचे. जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. त्याने भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. फारच अडलं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार.

रबराची पाइप, फ्लोट बाउलचं गॅस्केट आणि नीडल बदलूनच टाका. कारण पंपावरचं पेट्रोल बदललंय. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि तीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. म्हणून गाडीचं काम महिनोन्‌महिने चालणार असेल तर टाकीत पेट्रोल भरून ठेवू नये. चाचणीपुरतं अर्धा लिटर बाटलीतून द्यावं.

टाकीच्या आतला गंज घरी निघतो. पांढरं व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवायचं, आत मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा टाकून हलवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. खायचा सोडा घातलेलं पाणी फिरवून उरलेलं आम्ल मारायचं, पुन्हा धुवायचं आणि लगेच पूर्ण वाळवायचं. ओली राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लालसर थर दिसतो. वाळल्यावर आत थोडं ऑइल फिरवून ठेवायचं. टाकीला भोक असेल तर मात्र ते काम अनुभवी माणसाचं. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि वेल्डिंगची एक ठिणगी पुरते.

हाफ इंजिन की फुल?

एवढं केल्यावर बऱ्याच गाड्या सुरू होतात. धुराकडे बघा. फोर स्ट्रोक सीडी १०० किंवा स्प्लेंडर निळसर धूर देत राहिली तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. मेकॅनिकच्या भाषेत हे ‘हाफ इंजिन’, म्हणजे फक्त वरचा भाग खोलायचा. खालून खडखड येत असेल, क्रँक हलत असेल तर ‘फुल इंजिन’ आणि बजेटचा मोठा घास.

टू स्ट्रोकचं गणित वेगळं. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील उभ्या उभ्या कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप चढते आणि इंजिन तापून जाम होतं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल जळतं आणि मागे धुराचा ढग. सील ही स्वस्त वस्तू आहे, पण क्लचच्या बाजूच्या सीलपर्यंत पोचायला इंजिन उघडावं लागू शकतं. म्हणून टू स्ट्रोक उघडलीच असेल तर सील बदलल्याशिवाय बंद करू नये.

आरएक्स १०० मध्ये टू टी ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. पंपात हवा अडकली असेल तर टाकी भरलेली दिसते, पण इंजिनाला थेंबही मिळत नाही. त्यामुळे पंपातली हवा काढून ऑइल पुढे सरकतंय याची डोळ्यांनी खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येच थोडं टू टी मिसळून गाडी चालवणं शहाणपणाचं.

बोअर करायची वेळ आली तर क्रम उलटा करू नका. आधी पिस्टन विकत घ्या, मग सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही लेथवाल्याकडे न्या. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यात येतात. लेथवाला आधी मोजतो, किती साइज लागेल ते सांगतो आणि मग त्या पिस्टनला धरून बोअर करतो. ‘बाजारात मिळेल तो बसवू’ म्हणून आधी बोअर केलं आणि नेमका तो साइज मिळाला नाही, तर पुढचा टप्पा गाठावा लागतो आणि सिलिंडरचं आयुष्य फुकट जातं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. गावात मेकॅनिक नसेल तर फक्त सिलिंडर पिशवीत घालून एसटीने नेता येतो, अख्खी गाडी न्यायची गरज नाही.

आता खोलण्याविषयी थोडं. जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू आपल्याकडच्या साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरशी नीट जुळत नाहीत. ते जेआयएस मापाचे असतात. साधा ड्रायव्हर घसरतो, डोकं खराब होतं आणि मग छिन्नी-हातोडी. एक इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि दोन-तीन योग्य बिट हा या सगळ्या उद्योगातला सर्वात वसूल होणारा खर्च आहे. त्यानंतर मल्टिमीटर. बाकी पाने शेजारच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणता येतात, फक्त त्याच्याकडूनच ऑइल घ्यायचं भान ठेवलं की झालं.

आणि सगळी गाडी एकाच दिवशी सुटी करायची नाही. हा मोह रविवारी सकाळी होतो. संध्याकाळपर्यंत अंगणात दोनशे नट-बोल्ट पडलेले असतात आणि कुठला कुठला ते कोणालाच माहीत नसतं. एक भाग खोला, मोबाइलवर फोटो काढा, नट-बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहा, तो भाग पूर्ण करा, मग पुढचा.

थांबणं, वळणं, दिसणं

गाडी सुरू झाली की घरात आनंदीआनंद असतो आणि त्याच उत्साहात कोणीतरी ती गल्लीत फिरवून आणतं. त्यावेळी तिचे ब्रेक शू काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात आणि टायर १५ वर्षांचे.

टायरच्या कडेला चार आकड्यांचा कोड असतो. ‘१४१२’ म्हणजे २०१२ सालचा १४ वा आठवडा. नक्षी पूर्ण असली तरी जुना टायर कडक होऊन चिरतो आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. टायर-ट्यूब नवीनच घ्यायच्या, यात काटकसर नाही. ब्रेक शू, ब्रेक आणि क्लचच्या केबल, चेन-स्प्रॉकेट आणि हँडलचा कोन सेट याच यादीत. ड्रम उघडल्यावर आतली काळी पूड फुंकर मारून उडवायची सवय सोडा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्यायचं.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतं. टेप गुंडाळून जोड देण्यापेक्षा सीडी १००, स्प्लेंडरसाठी तयार हार्नेस घेणं परवडतं. फ्यूज मात्र योग्य अँपिअरचाच. त्याऐवजी चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे पेट्रोलच्या टाकीखाली शेकोटीची सोय करणं.

स्वस्तातली गाडी कोणती, याचं उत्तरही इथेच मिळतं. स्प्लेंडरच्या कुळातल्या गाडीचे पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतात. आरएक्स १०० चा मूळ भाग शोधावा लागतो आणि मागणीमुळे विकणारा सांगेल ती किंमत. कमी बजेटमध्ये पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने घरात आधीच असलेली गाडी घ्यावी आणि निवड असेल तर सीडी १००. तिचे रील कमी चालतील, पण ती रस्त्यावर येईल.

रंग शेवटी, आणि तोही जपून

आरटीओला गाडी चमकदार नको असते. नंबर जुळणारी, ब्रेक लागणारी, दिवे-इंडिकेटर-हॉर्न चालणारी हवी असते. तिथे ती चालवत न्यायची नाही, कारण मुदत संपलेल्या नोंदणीवर आणि विम्याशिवाय रस्त्यावर काही झालं तर सगळा भार अंगावर येतो. छोट्या टेम्पोचं भाडं बजेटमध्ये आधीच धरा.

पास होऊन आली की उरलेल्या पैशांत दिसण्याचं काम. रिम आणि हँडलच्या क्रोमवरचा वरवरचा गंज चपातीच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी बराच निघतो. क्रोम प्लेटिंग घरी करायचा विचारही नको, ती रसायनं विषारी असतात. साइड पॅनेल, मडगार्ड स्प्रे कॅनने घरी होतात. टाकी मात्र पेंटरकडे द्यावी, कारण साध्या स्प्रे कॅनचा रंग पेट्रोल सांडलं की विरघळतो आणि त्याला टिकवणारा टू के क्लिअर कोट मारायला योग्य मास्क आणि मोकळी जागा लागते. रंग मूळचाच ठेवला तर कागदाचं काम वाचतं. काळी गाडी लाल केली तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

१९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात दिसलेल्या छोट्या राजदूतसारखी, ५० वर्षं पार केलेली गाडी घरात असेल तर आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. अशा गाडीवर हौसेने केलेलं जास्तीचं काम तिचं नुकसानच करतं.

नवीन बोअर-पिस्टन बसवलं असेल तर पहिले काहीशे किलोमीटर एकाच वेगाने ताणायचं नाही आणि मागे दोघांना बसवून घाट चढायचा नाही. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना नट-बोल्ट पुन्हा तपासायचे. फोर स्ट्रोकचं पहिलं ऑइल लवकर बदलायचं. ते काढताना उन्हात धरून बघा. त्यात धातूची बारीक चमक थोडी दिसणारच, नवे भाग घासून बसत असतात. पण कण बोटाला टोचले तर किक मारू नका, इंजिन पुन्हा उघडा.